तिसरीच्या वर्गातला गारवा

५ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार, तब्येत, घरचे सगळे मजेत, हे सगळं मी विचारलं आहे असं धरून चाल. बातमी मोठी आहे आणि मला धीर नाही.

आपल्या शाळेची नवी इमारत बांधायची ठरली आहे आणि तिचा आराखडा मी करते आहे! आपली म्हणजे तुझीच शाळा. जिथे तू एकतीस वर्षं तिसरीचा वर्ग घेतलास आणि सख्खी आत्या असूनही मला "बाई" म्हणायला लावलंस. जुन्या भिंतींना बोट जाईल एवढे तडे गेलेत, त्यामुळे ती पाडायची. जागा तीच, गल्ली तीच, मुलं पूर्वीसारखीच घरून चालत येणार.

"करते आहे" म्हणजे अजून काही माझ्या हातात पडलेलं नाही. शाळासमितीपुढे दोन आराखडे आहेत. एक माझा, दुसरा एका ठेकेदाराचा. त्याची शाळा म्हणजे बंद काचांची पेटी, आत गार हवेची यंत्रं, आणि चार महिन्यांत उभी करून देतो अशी बढाई. मी म्हणते, एवढ्याशा शाळेला यंत्राशिवाय उन्हाळा काढता आला पाहिजे, दिवा न लावता फळा दिसला पाहिजे, आणि छपरावर पडलेलं पावसाचं पाणी तिचं तिने साठवलं पाहिजे. समितीच्या अध्यक्षा दातांच्या डॉक्टर आहेत. माझं बोलणं संपेपर्यंत त्या दाढ किडली आहे का बघावं तशा माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "यंत्राशिवाय गार राहणारा वर्ग तुम्ही कुठे पाहिलाय?"

मी ताडकन म्हणाले, "याच शाळेत. तिसरीचा वर्ग."

आठवतो ना तुला तो गारवा? चौथीत गेल्यावर आम्ही घामाघूम व्हायचो आणि तिसरीच्या दारात उगाच घुटमळायचो. तो वर्ग तसा का होता, तेवढं मला नीट सांग. निकाल वीस एप्रिलला आहे. दहा वर्षं मी दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने आणि न्हाणीघरं काढत आले. माझ्या नावाचं हे पहिलं काम आहे, आत्या. गेलं तर पुन्हा न्हाणीघरं.

आणि हो, हे विचारायला मी आधी फोनच केला होता. मी विचारलं, वर्गाला खिडक्या किती होत्या. तू म्हणालीस, "हो, मगाशीच जेवले." म्हणून पत्र.

तुझी भाची
(हजेरी क्रमांक सतरा)


१४ फेब्रुवारी

चि. खडूचोर हिस अनेक आशीर्वाद.

फोनबद्दल बोलू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते. इतकी वर्षं मुलांची उत्तरं ऐकण्यात गेली, त्यामुळे माझं भरलेलं बहुतेक वेळा मूळ बोलण्यापेक्षा बरं असतं. पण खिडक्या मात्र पत्रातच विचाराव्यात. तीन होत्या. दोन मैदानाकडे, एक ओढ्याकडे.

आता तुझा गारवा. यात विचारण्यासारखं काही नाही. ओढ्याकडची खिडकी हेच त्याचं कारण. तिथून सरळ वारा यायचा. बाकीच्या वर्गांना ती खिडकी नव्हती, म्हणून दुसरीच्या बाई एप्रिलमध्ये वहीने वारा घेत शिकवायच्या आणि माझ्याकडे बघून नाक मुरडायच्या. एकतीस वर्षांत त्या वर्गात मला कधी साधी घेरी आली नाही. वारा ओळखावा लागतो बाळ, तो आराखड्यात काढता येत नाही.

आमच्या शिपायाला मात्र तो गच्चीवर चढून खावा लागायचा. आठवतो ना? उंच, बारीक, कान टवकारलेले. शाळा भरायच्या आधी वर, मधल्या सुट्टीत पुन्हा वर. बरोबर बादलीसुद्धा न्यायचा. वर अंघोळ करतो असा माझा दाट संशय होता.

आता फुकटचा सल्ला घे, तुम्ही आर्किटेक्ट लोक तो कुणाला विचारत नाही. खिडकीचा कठडा खाली घे. सातआठ वर्षांच्या मुलाला बसल्या जागी आभाळ दिसतं पण रस्ता दिसत नाही, म्हणून ते उठून उभं राहतं आणि आम्ही ओरडतो. हात धुवायचे नळ दोन उंचींवर लाव. संडास वर्गाच्या जवळ ठेव, कारण लाजरं मूल विचारत नाही, सोसत बसतं. व्हरांडा इतका रुंद असू दे की रडणारं मूल आणि त्याची आई यांना जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या वाटेतून बाजूला उभं राहता येईल. आणि खिडकीचे गज कडू रंगाने रंगव. मुलं ते चाटतात. तूही चाटायचीस.

मोठ्या माणसांसारखी उभी राहून नकाशे काढू नकोस. जाऊन जमिनीवर बस.

तुझी आत्या


२ मार्च

ती. आत्या,

बसले. पहिलीच्या वर्गात पाऊण तास जमिनीवर बसले होते. उठताना गुडघ्यांनी जो आवाज केला तो ऐकून दोन मुली पाणी घेऊन धावत आल्या. पण तुझं खरं निघालं. खालून सगळं वेगळं दिसतं. सूचनांचा फळा म्हणजे नुसता लाकडी पाय, दिव्याचं बटण म्हणजे आभाळातली वस्तू, आणि बाई म्हणजे बहुतेक करून चपला. मी सगळी मापं पुन्हा धरली. कठडे खाली आले, नळ दोन उंचींवर गेले, व्हरांडा रुंद झाला. गजांचं ठरायचं आहे, कारण कडू रंग कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आणि सगळे वर्ग ओढ्याकडे वळवले! तुझी एक खिडकी होती, मी आठही वर्गांना दिली. आराखड्यावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे: "आपोआप थंड राहणारी शाळा". ना यंत्र, ना बटण, ना माणूस.

डॉक्टरबाईंनी ते वाचलं आणि शांतपणे म्हणाल्या, "छान. मोजून दाखवा." त्यामुळे आता जुन्या इमारतीच्या प्रत्येक वर्गात मी तापमापक टांगते आहे, मार्चअखेर आठ दिवस. तिसरीचा वर्ग बाकीच्यांपेक्षा तीन अंश गार निघाला तर त्या माझ्या बाजूने मत देतील. नाही निघाला तर पेटी. सरळ हिशेब. मला काळजी नाही, कारण माझे साक्षीदार दोन आहेत. एक तू आणि एक मी.

आता गंमत ऐक. तापमापक टांगायला खिळा शोधत होते, तर कपाटात जुनी तक्रारवही सापडली. बावीस वर्षांपूर्वीचं पान. अक्षर असं की मोजपट्टीने आखल्यासारखं. मजकूर जसाच्या तसा देते:

"शिपाई रोज शाळा भरण्यापूर्वी व मधल्या सुट्टीत गच्चीवर जाऊन हवा खात बसतात. ही कामचुकारी आहे. योग्य ती समज द्यावी. तिसरीच्या वर्गशिक्षिका."

आणि खाली मुख्याध्यापिकांचा शेरा: "समज दिली. आठ दिवस गच्चीवर जाण्यास मनाई. तेवढे दिवस कार्यालयाच्या दाराशी बसून राहावे."

आत्या! त्या बिचाऱ्याने तुझं काय घोडं मारलं होतं? मुलांसारखं दाराशी बसवलंस त्याला?

तुझी भाची


११ मार्च

चि. खडूचोर,

दुसऱ्याच्या तक्रारी वाचणं ही चोरीच. खडूपासून सुरुवात झाली, आता वहीपर्यंत मजल गेली.

पण मला एका अक्षराचीही लाज नाही. मुलांना पाच मिनिटं उशीर झाला तर मी दाराबाहेर उभं करायची, मग मोठ्यांना सूट का? त्या काळात मी खमकी होते. बसलेला माणूस मला बघवत नसे. आताही सून म्हणते, "आई, जरा टेका की." मी टेकते, पण मनातून उभीच असते.

त्या वर्षाची आठवण काढलीसच तर एक सांगते. मला आठवतं तसं तेवढ्याच वर्षी आठवडाभर वारा पडला होता. आमचा वर्गसुद्धा तापला. डोकं असं दुखायचं की पाढे चुकले. मुलांनी सुधारले, शिपाई दाराशी बसून ऐकत होता, आणि त्यातली एक मुलगी तू नव्हतीस याबद्दल देवाचे आभार. मग वारा फिरला आणि पुन्हा पूर्वीसारखं झालं. सांगायचा मुद्दा, वाऱ्यावरही रोज विसंबता येत नाही. आराखड्यात त्याला थोडी जागा ठेव.

तापमापकांना माझा नमस्कार. त्यांना म्हणावं, बाईंनी आधीच मोजलं आहे.

तुझी आत्या


३ एप्रिल

आत्या,

आठ दिवस झाले. आकडे माझ्यासमोर आहेत आणि मी त्यांच्याकडे बघत नाही.

दुसरी: छत्तीस. चौथी: छत्तीस. तिसरी: छत्तीस. एक दिवस तर तिसरीच अर्ध्या अंशाने पुढे होती. ओढ्याकडची खिडकी सताड उघडी. ओढाही आहे, वाराही येतो, पण तो गरमच येतो, कारण पलीकडे आता नुसता सिमेंटचा रस्ता आहे. मला वाटलं रस्त्यामुळे असेल. म्हणून गल्लीतल्या जुन्या लोकांना विचारलं. रस्ता चाळीस वर्षांचा आहे, आत्या. तू शिकवत होतीस तेव्हाही तो होताच.

मग आपण दोघी कुठल्या गारव्यात बसलो होतो?

डॉक्टरबाई हसल्यासुद्धा नाहीत. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "लहानपणीची शाळा सगळ्यांनाच गार वाटते." ठेकेदार मात्र हसला. व्हरांड्यात उभा राहून त्याने स्वतःच्या कपाळाचा घाम पुसला आणि तो रुमाल मला दाखवला.

सतरा दिवस उरलेत. माझ्या अख्ख्या आराखड्याचं तोंड ओढ्याकडे आहे, आणि ते का, हे मला आता सांगता येत नाही. मी तुला दोष देत नाही. आठवण माझीही होती. पण खरं सांग, तुला काही आणखी माहीत आहे का?

भाची


८ एप्रिल

चि. सौ. आर्किटेक्टबाई यांस,

माझ्या वर्गाला छत्तीस अंश म्हणणारा तापमापक तुला कुणी विकला? तो परत कर.

दोनदा पत्र फाडलं, हे तिसरं. पहिल्यात मी तुला रागावले होते, दुसऱ्यात स्वतःला. त्या वर्गात गार वाटायचं. हे मी मनाने भरलेलं नाही. मला कमी ऐकू येतं, पण कातडी ठीक आहे. तू विचारतेस, आणखी काही माहीत आहे का. नाही. मी रोज साडेदहाला त्या दारातून आत जायची आणि गार वाटायचं. का, असं मी एकदाही विचारलं नाही. मुलांना मात्र दिवसभर "का ते सांगा" म्हणून पिडायची.

हात टेकू नकोस. माझ्या मते तू शिपायाकडे जा. फाटकाजवळच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे राहतो. इतकी वर्षं तो वर बसून हवा खात होता. कामाचं काही केलं नसेल, पण कुठून कधी कसा वारा येतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार! मी पाठवलं म्हणून सांगू नकोस. दार लावून घेईल.

तुझी आत्या


१४ एप्रिल

ती. आत्या,

हे पत्र बसून वाच. खरोखरची बस, मनातूनही.

गेले होते. ते आता वाकलेत, पण कान अजून तसेच आहेत. मला बघून म्हणाले, "तुम्ही त्याच ना, खडू खिशात घालून नेणाऱ्या?" म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत आहे, तुझ्या कृपेने. त्यांच्या बायकोने पाणी दिलं. मी आराखडा पसरला, वाऱ्याचे बाण दाखवले, आणि विचारलं, काका, तिसरीत वारा कुठून यायचा?

त्यांनी बाणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "वारा? वारा कसला. स्लॅब तापायचा, तो सगळ्यांचाच तापायचा."

"मग तिसरीचा वर्ग गार कसा?"

"मी गोणपाटं टाकायचो ना वर. ओली करून."

आत्या, रोज. शाळा भरायच्या आधी पाच बादल्या खांद्यावरून वर न्यायच्या, तिसरीच्या डोक्यावर गोणपाटं पसरायची आणि भिजवायची. मधल्या सुट्टीत पुन्हा भिजवायची. उन्हाळ्याचे तीन महिने, चोवीस वर्षं. हवा खायला नव्हते जात.

मी विचारलं, तिसरीच का? तर त्यांनी बायकोकडे बघितलं आणि ती हसायला लागली. म्हणाले, "बाईंना सांगू नका. मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एप्रिलमध्ये बाई फळ्यापाशी चक्कर येऊन खाली बसल्या. मी दारातून पाहिलं. मी आत जाईपर्यंत त्या उठल्या होत्या आणि पोरांना सांगत होत्या, खडू पडला होता, तो शोधत होते. हातात खडू नव्हता. बाई काही कुणाकडे मागणार नाहीत, मला कळलं. मग मी आपला वर गेलो."

"साधी घेरी आली नाही," असं मला फेब्रुवारीत कोणी लिहिलं होतं?

मग मी तक्रारीचं विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. ते म्हणाले, "हो, बसलो होतो आठ दिवस दाराशी. ते जाऊ द्या. पण त्या आठवड्यात बाईंचे पाढे चुकत होते, ते ऐकवत नव्हतं." पुढे ते तू यायच्या आधी, आणि मधल्या सुट्टीत तू डबा उघडलास की, गुपचूप वर जाऊन यायला लागले. तू निवृत्त झालीस त्या वर्षी थांबले. नव्या बाई तरुण होत्या, म्हणाले, त्यांना चक्कर यायची नाही.

काल आम्ही दोघं वर गेलो. मी बादल्या उचलल्या, ते कठड्याला टेकून "इकडे, अजून इकडे, कोपरा सुटला" असं मला शिकवत होते. अगदी तुझ्यासारखं. दुपारी तिसरी साडेबत्तीस, दुसरी छत्तीस. साडेतीन अंश, आत्या! आपण खोटं बोललो नव्हतो. फक्त आपल्याला कारण माहीत नव्हतं.

आता सहा दिवसांत सगळं पुन्हा काढते आहे. उष्णता खिडकीतून नाही, डोक्यावरून येते, हे मला कॉलेजात पाच वर्षं शिकवलं होतं. तरी तुझ्या पत्रापुढे मी ते विसरले. बाईंचं उत्तर चूक असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

भाची


२७ एप्रिल

आत्या,

तुझं उत्तर नाही. फोनवर सून म्हणाली, "बऱ्या आहेत, पण बोलत नाहीत." तू आणि बोलत नाहीस? मी घाबरले आहे. रागावलीस का? मी ते पत्र जरा कमी तपशिलात लिहायला हवं होतं का? की खडूचं गुपित फुटल्याची लाज वाटते? तसं असेल तर आता आपण दोघीही खडूचोर.

बरं, निकाल ऐक.

डॉक्टरबाईंनी सातही सभासदांना भर दुपारी आधी दुसरीच्या वर्गात दहा मिनिटं बसवलं, मग तिसरीत. सकाळी गोणपाटं मी आणि काकांनी भिजवली होती. दुसरीत सगळे चुळबूळ करत होते. तिसरीत एक ज्येष्ठ सभासद चक्क झोपले. डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "मला वाटतं मोजमाप झालं."

ठेकेदाराने विचारलं, "पण रोज बादल्या कोण नेणार?" बरोबर प्रश्न होता. मी नवा आराखडा काढला. स्लॅबच्या वर हातभर अंतर सोडून दुसरं हलकं छप्पर घातलं आहे. ऊन त्याच्यावर पडेल, मधून हवा वाहील, खालचा स्लॅब तापणार नाही. त्या छपरावर वेल चढवायचे. वेल जमिनीत लावायचे आणि मुलांनी हात धुतलेलं पाणी त्यांच्या मुळांशी सोडायचं. ओढ्याकडच्या खिडक्या तशाच ठेवल्या, गारव्यासाठी नाही, तर ओढा बघायला मिळावा म्हणून.

पाच विरुद्ध दोन. मंजूर! माझा जीव भांड्यात पडला. काका मागे बाकावर बसले होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "आता बाईंना कळवा. त्यांच्यामुळे झालं." मी म्हटलं, तुमच्यामुळे झालं. तर कान पाडून निघून गेले.

जुनी कपाटं रद्दीत चालली आहेत. तुझी तक्रारवही मी काढून घेतली आणि सोबत पाठवते आहे, तुला चिडवायला. आणि नव्या आराखड्याची एक प्रतही. काहीतरी लिही. रागावून लिही, पण लिही.

तुझी भाची


९ मे

चि. खडूचोर हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

रागावले नाही. आधी बोलवेना, मग प्रवासात होते. मुलगा म्हणत होता, एवढ्या उन्हात कुठे निघालीस. मी म्हटलं, उन्हाचंच काम आहे. तुला कळवलं नाही, कारण तू स्टेशनवर यायचीस आणि मला तुझ्यासमोर रडायचं नव्हतं.

थेट सायकलच्या दुकानामागे गेले. त्याने दार लावून घेतलं नाही. "या बाई," म्हणाला आणि उभाच राहिला. इतकी वर्षं झाली तरी माझ्यासमोर बसेना. मी म्हटलं, "बसा." ऐकेना. शेवटी मी वर्गातल्या आवाजात म्हटलं, तेव्हा बसला. बसलेला माणूस बघून मला बरं वाटलं, हे आयुष्यात पहिल्यांदाच.

वाटेत मी माफीचं सगळं बोलणं पाठ केलं होतं. एक वाक्य आठवेल तर शपथ. नुसतं विचारलं, "मला का नाही सांगितलंत? मी तक्रार लिहिली तेव्हा तरी!"

तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतं. म्हणाला असतात, सगळ्या वर्गांना सारखं पाहिजे. आणि गोणपाटं पाचच होती."

बाळ, मी खरंच तसंच म्हणाले असते. वेळापत्रक लावलं असतं, सोमवारी पहिली, मंगळवारी दुसरी. त्या माणसाने मला माझ्यापेक्षा नीट ओळखलं होतं, आणि मी त्याला एकदाही वर जाऊन बघितलं नाही. चोवीस उन्हाळे त्याच्या खांद्यावरच्या पाण्यात मी शिकवलं आणि मुलांना सांगत राहिले की आपल्या वर्गाला निसर्गाचं वरदान आहे. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

आणि तुझ्या डोक्यात काही भलतंसलतं येत असेल तर तिथेच थांबव. गोणपाटं त्याच्या बायकोने शिवली होती. दरवर्षी नवी. ती म्हणाली, "हे घरी येऊन म्हणायचे, आज बाईंनी गाणं शिकवलं, वरपर्यंत ऐकू येत होतं." दोघंही सामील. मी एकटीच अंधारात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या नकळत तिघं शाळेत गेलो आणि तिसरीच्या वर्गात जमिनीवर बसलो. वर गोणपाट नव्हतं. भट्टी होती. अर्धा तास बसलो आणि खूप हसलो. त्याची बायको म्हणाली, "बाई, आता इथे चक्कर आली तर खडू कुणी शोधायचा?"

आता तुझ्या आराखड्याबद्दल. चांगला आहे. लाल पेनाने फक्त दोन खुणा केल्या आहेत. पहिली, तू गच्चीचा जिना काढून टाकला आहेस, मुलं वर जातील म्हणून. तो परत घाल, त्याला खाली छोटं फाटक करून कडी लाव. वेलांना वळण लावायला कुणीतरी वर जाणार आहे, आणि खालच्या लोकांना तो जाताना दिसला पाहिजे. दुसरी, मथळा अजून तसाच आहे: "आपोआप थंड राहणारी शाळा". त्यातला "आपोआप" खोडला आहे. तेवढीच चूक होती, बाकी पैकीच्या पैकी.

तक्रारवही परत पाठवते. चिडवून झालं असेल तर नव्या शाळेत कुठेतरी ठेव. त्या पानावर शेऱ्याखाली जागा होती, तिथे लिहिलं आहे. तुला वही उघडायची सवय आहेच, म्हणून मीच उतरवून देते:

"वरील तक्रार मागे घेत आहे. हवा शिपाई खात नव्हते. मी खात होते. तिसरीच्या वर्गशिक्षिका."

तुझी आत्या